डोमाजींचा निळा चष्मा

डोमाजी लांजेवारांनी जन्मात एकच वस्तू हौसेनं विकत घेतली, आणि ती घेताना मी त्यांच्या शेजारी उभा होतो. ती वस्तू म्हणजे उन्हाचा चष्मा. गॉगल हा शब्द तेव्हा आमच्या नागपुरात रुळायचा होता. काच हिरवी असो की तपकिरी, लोक त्याला काळा चष्माच म्हणत, आणि तो घालणारा माणूस एक तर साहेब असायचा नाहीतर आंधळा. डोमाजी दोन्ही नव्हते. ते कापसाचे पारखी होते.

हे सगळं दुसऱ्या लढाईच्या आधीचं, मध्यप्रांताच्या दिवसांतलं. रेल्वेच्या रुळांना लागून एका शेठजींचं जिनिंग होतं, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आणि मी तिथं कारकून होतो. दिवाळी झाली की जिनाचं आवार बंड्यांनी भरून जायचं. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. कळमेश्वर, हिंगणा, मौदा अशा चारी बाजूंनी कापूस यायचा. आवाराच्या टोकाला टिनाच्या छपराखाली उत्तरेकडे तोंड केलेला एक दगडी ओटा होता. त्यावर डोमाजी बसत आणि शेजारी मी, मांडीवर चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन. बंडीवाला ओंजळभर कापूस आणून समोर धरायचा. डोमाजी तो घेत, चिमटीत धरून तंतू ओढत, गालाला लावून ओल पाहत, मग उजेडात धरून एकच शब्द बोलत.

"लिहा बाबूजी, ताक."

मी चिठ्ठीवर ताक लिहायचो आणि बंडी त्या ढिगाकडे वळायची. दूध, ताक, पेज हे डोमाजींचे तीन शब्द. पांढराशुभ्र तो दूध, जरा मळकट तो ताक, आणि पावसानं किंवा किडीनं पिवळा पडलेला तो पेज. मुंबईहून आलेल्या छापील कागदावर कापसाच्या प्रतींना रीतसर आकडे होते, पण आमच्या आवारात त्या आकड्यांना कुणी विचारत नसे. डोमाजी दूध म्हणाले की शेठजीही दूध म्हणत आणि पेज म्हणाले की शेतकरीही मान खाली घालून बैल वळवत असे. वीस-बावीस वर्षं हे असं चाललं होतं. मी त्या ओट्यावर नवा होतो तेव्हा मला वाटायचं, हा माणूस अंदाजानं ठोकून देतो आहे. पहिल्या महिन्यातच माझी ती हुशारी उतरली.

पांढऱ्या रंगाचं या माणसाला वेडच होतं म्हणा ना. ओट्याजवळ रंगीत कपडा त्यांना चालत नसे. एकदा मौद्याकडचे एक मालगुजार आपल्या बंडीबरोबर स्वतः आले. डोक्यावर लालभडक फेटा, मिशांना तूप. ते पुढे वाकून कापूस दाखवू लागले तसे डोमाजी म्हणाले, "मालक, चार पावलं मागं व्हा जी."

"काहून? मी काही विटाळ आणून राहिलो का?"

"तुमच्या फेट्याचा रंग कापसात उतरून राहिला. कापूस चांगला आहे, फेटा त्याले खराब करते."

आवारातली माणसं तोंड दाबून हसू लागली. मालगुजारांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. मला वाटलं, आता इथं काहीतरी होणार. पण त्यांनी फेटा काढला, दिवाणजीच्या हातात दिला आणि उघड्या टकलानं उभे राहिले. डोमाजींनी कापूस उजेडात धरला आणि म्हणाले, "दूध." पुढच्या वर्षी ते मालगुजार पांढरी टोपी घालून आले आणि आल्या आल्या टोपीवर बोट ठेवून विचारू लागले, "आता ठीक आहे ना जी?"

डोमाजी दुपारपर्यंत पोटात काही घेत नसत. जेवल्यावर कापूस पाहायचा नाही हा त्यांचा नियम. "पोट भरलं का सारंच चांगलं दिसते," असं ते म्हणत. दुसरा नियम याहून कडक होता. धोतराच्या सोग्याला त्यांच्या तीन गाठी असायच्या, एकीत पेजेचा बोळा, दुसरीत ताकाचा, तिसरीत दुधाचा. सकाळी ओट्यावर बसले की गाठी सोडून ते तिन्ही बोळे पाहत, पण त्याच क्रमानं. आधी पेज, मग ताक, शेवटी दूध. मी एकदा विचारलं, आधी चांगला पाहिला तर काय बिघडतं? म्हणाले, "डोळ्याले लाड लागते जी. एकदा दूध पाह्यलं का मग त्याले सारीकडं दूधच पाहिजे."

आणि निळीशी तर त्यांचं हाडवैर. त्यांच्या घरी धोतराला नीळ द्यायची नाही असा त्यांनी बायकोला दमच भरला होता. एका दसऱ्याला शेठजींनी सगळ्यांना धोतरं वाटली. परटाकडून आलेली, निळीची झाक मारणारी. डोमाजींनी ते धोतर हातात घेतलं, नमस्कार केला, तसेच विहिरीवर गेले आणि सगळ्यांसमोर खळखळून धुऊन आणलं. शेठजी हसले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मी तसंच एक धोतर नेसून बसलो होतो. वाळत घालता घालता ते मला म्हणाले, "निळीनं पिवळं जात नाई, बाबूजी. पिवळं तिथंच राहते. फक्त पाहणाऱ्याले बनवते ते." हे वाक्य मी विसरायला नको होतं.

सगुणाबाईंचं आता सांगायला हवं. कळमेश्वरच्या अलीकडे त्यांची शेती होती. नवरा गेला त्या वर्षी त्या स्वतः बंडी हाकत आमच्या आवारात आल्या. रांगेतल्या गड्यांनी त्यांना पुढे येऊ दिलं नाही. सकाळपासून बाई उभ्या होत्या आणि मागून आलेल्या बंड्या पुढे सरकत होत्या. डोमाजींच्या ते लक्षात आलं तसे ओट्यावरून ओरडले, "काहून गा, बाईची बंडी मागं काहून? कापसाले कुंकू लागत नाई!" बाईंची बंडी पुढे आली. कापूस दूध निघाला आणि त्या पदरानं डोळे पुसत गेल्या. पुढच्या भाऊबीजेला त्या डोमाजींच्या घरी ताट घेऊन हजर. तेव्हापासून त्या बहीण झाल्या, आणि दरवर्षी पहिल्या वेचणीला डोमाजी त्यांच्या शेतावर जाऊ लागले. कापूस वेचायला लागण्याआधी आमच्याकडे बाया शेतात पराटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्याला सीतादही म्हणतात. सगुणाबाईंच्या सीतादह्याला पहिलं बोंड डोमाजींच्या हातात द्यायचं हा रिवाजच पडला. ते बोंड उत्तरेकडे धरून "दूध" म्हणायचे आणि मगच बाया वेचायला वाकायच्या.

आणि एका वर्षी, भर हंगामात, डोमाजींनी सगुणाबाईंच्या कापसाला ताक म्हटलं.

मी लिहायचा थांबलो. सगुणाबाईंनी स्वतःच्या बंडीतला कापूस हातात घेऊन पाहिला, मग डोमाजींच्या तोंडाकडे पाहिलं. त्या महिन्यात असं पुष्कळ चाललं होतं. ताकाला पेज, दुधाला ताक. शेतकरी कुरकुरत होते, "डोमाजीले काय झालं यंदा?" असं आपसात बोलत होते, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. सगुणाबाई मात्र ओट्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, कापूस ताक आहे म्हणता तर ताक. मी नाई भांडत. पण तुम्ही डोळे दाखवा डॉक्टरले."

"डोळ्याले काय झालं माह्या?"

"मले काय मालूम? मले फक्त कापूस मालूम आहे."

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, अजून न पिकलेला. पिकला की काढू, तोवर उन्हात रंगीत चष्मा लावा म्हणाले. काढायचं नाव काढताच डोमाजी घाबरे झाले. त्यांच्या वडिलांच्या डोळ्यात एका फिरत्या वैदूनं सुई घातली होती आणि म्हातारा त्याच दिवशी कायमचा आंधळा झाला होता. डॉक्टर म्हणजे वैदू नव्हे, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

मोतीबिंदूनं माणसाला काय होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं, कारण गेल्या महिन्यात माझ्याच डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तशी समोरच्या चादरीकडे पाहून मी सुनेला म्हणालो, ही चादर आज बदललीस का? ती म्हणाली, नाही हो, तीच आहे. इतकी वर्षं मी सगळं जग पिवळट काचेतून पाहत होतो आणि मला पत्ताच नव्हता. डोळा इतक्या हळूहळू पिवळा होतो की आपण जगालाच मळकं समजू लागतो. त्या दिवशी दवाखान्यात मला डोमाजींची इतकी आठवण आली की नर्सला वाटलं, डोळा दुखतो आहे. त्यांनी सगुणाबाईंचा कापूस ताक ठरवला तो दुष्टपणानं नव्हता की निष्काळजीपणानंही नव्हता. त्यांना तो तसाच दिसत होता.

चष्मा घ्यायला सीताबर्डीवर मीच त्यांना नेलं. दुकानदार हौशी होता. त्यानं मखमलीच्या तबकात आठ-दहा चष्मे मांडले आणि आरसा पुढे केला. डोमाजींनी आरशाकडे पाहिलंच नाही. सोग्याच्या गाठी सोडल्या, तिन्ही बोळे तळहातावर घेतले आणि दुकानाच्या पायरीवर उजेडात जाऊन उभे राहिले. "एकेक द्या जी," म्हणाले.

पहिला हिरवा. "बाप्पा! कापसाले पालकाच्या भाजीत टाकलं." काढला. दुसरा तपकिरी. "हा तर सारी माती दाखवते." तिसरा अगदी काळा, त्याला "गिराण लागलं" म्हणून हात झटकले. ग्रहणाला ते गिराण म्हणत. दुकानदार आधी हसत होता, मग कंटाळला, मग त्यालाही ईर्ष्या चढली. आतल्या फडताळातून त्यानं जुना माल काढला. गोल काचा, लांबट काचा, कानामागे वळणाऱ्या तारांच्या दांड्या. तास झाला, दीड तास झाला. रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली. तळहातावर कापूस घेऊन चष्मे लावून पाहणारा हा म्हातारा कोण, असं एकानं मला विचारलंही. मी अभिमानानं सांगितलं की हे आमचे डोमाजी, कापसाचे पारखी, यांना डोळ्यावर वाटेल ती काच चालत नाही.

मग दुकानदारानं निळा चष्मा दिला. फिकट निळ्या गोल काचा, रुपेरी तार. डोमाजींनी तो लावला आणि हात वर केला. हात तसाच वर राहिला. मला वाटलं, हाही नापास. मी जवळ गेलो तर काचेखालून पाणी गालावर आलं होतं.

"बाबूजी," ते म्हणाले, "दूध दिसून राहिलं."

त्यांच्या बोटांत फक्त दुधाचा बोळा होता. बाकीचे दोन मुठीत गेले होते. त्यांनी ते पाहिलेच नाहीत. आधी पेज, मग ताक, शेवटी दूध, हा सगळ्या जन्माचा क्रम त्या पायरीवर मोडला आणि तो मोडताना मी डोळ्यांनी पाहिला. एवढंच नाही. डोमाजींनी तो चष्मा काढून कौतुकानं माझ्या नाकावर ठेवला. माझ्या सदऱ्याच्या बाहीवर सकाळच्या वरणाचा पिवळा डाग होता. त्या काचेतून तो डाग नव्हता. मी चष्मा वर केला, डाग होता. खाली केला, नव्हता. निळीचं धोतर मला त्याच क्षणी आठवलं.

"शोभते का जी मले?" डोमाजी विचारत होते. त्यांनी आता आरसा हातात घेतला होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आणि पहिल्यांदाच लग्नाच्या मुलासारखा मान वळवून वळवून स्वतःला पाहत होता. त्यांच्या तोंडावरचं ते हसू मोडायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "छान दिसतो. हाच घ्या."

त्या चष्म्याचे त्यांनी जे लाड केले, तसे कुणी नातवाचेही करणार नाही. बायकोकडून जुन्या लुगड्याची पिशवी शिवून घेतली. रोज सकाळी पंच्याच्या टोकानं काचा पुसत. वाटेत भेटेल त्याला थांबवून एकदा लावून पाहायला देत. आधी तो फक्त रस्त्यावर उन्हात लावायचा आणि ओट्यावर बसताना पिशवीत ठेवायचा असं ठरलं होतं, तसं त्यांनी आठवडाभर केलंही. मग एका सकाळी तो नाकावरच राहिला. सोग्याच्या गाठीही हळूहळू सोडेनासे झाले.

ओट्यावर पुन्हा जुने दिवस आले. "लिहा बाबूजी, दूध. लिहा, दूध." बंडीवाले खूश, डोमाजी खूश. कुणी चहा पाजायचं, कुणी हुरड्याचं आमंत्रण द्यायचं. पंधरा-वीस दिवस मी दूध, दूध लिहीत राहिलो. त्या ढिगात मला पिवळं दिसत होतं. आमच्याकडे खराब पिवळ्या कापसाला कवडी म्हणतात. कवडीचे पुंजके दुधाच्या ढिगात सरळ उघड्यावर पडलेले मी पाहिले आणि तोंडातून ब्र काढला नाही. मी स्वतःची समजूत घालत होतो की मी शाईतला माणूस, कापसातलं मला काय कळतं. खरं म्हणजे मला पुरतं कळत होतं. मी भित्रा होतो, आणि माझा भित्रेपणा मी प्रेमात गुंडाळून ठेवला होता.

त्या वर्षी पौषात अवकाळी पाऊस झाला. पावसानंतर चार दिवसांनी सगुणाबाई दोन बंड्या घेऊन आल्या. एकीतला कापूस पावसाआधीचा, दुसरीतला भिजून वाळलेला. त्या दोन्हींची ओंजळ घेऊन ओट्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हा इकडचा पेज आहे. पाण्यात सापडला. याले वेगळा टाका."

डोमाजींनी तो हातात घेतला, गालाला लावला, निळ्या काचेसमोर धरला आणि मोठ्यानं हसले. "पेज? सगुणा, तुले बापानं कापूस दाखवला होता का नाई? हा दूध आहे वं!"

सगुणाबाई हसल्या नाहीत. "भिजला आहे, भाऊ."

"वाळला आहे. खणखणीत आहे. लिहा बाबूजी, दोन्ही बंड्या दूध."

माझा टाक दौतीत तसाच राहिला. बंडीवाले भोवती जमले होते. सगुणाबाईंनी दोन्ही ओंजळी त्यांच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. आवाज अजिबात चढवला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, चष्मा काढून पाहा."

डोमाजींचं हसू जागीच थांबलं. त्यांनी चष्मा काढला. मांडीवरच्या दोन ढिगांकडे पाहिलं. एक उचलला, उजेडात धरला, ठेवला. दुसरा उचलला. मग पुन्हा पहिला. पिवळ्या झालेल्या डोळ्यांना दोन्ही पिवळेच दिसत असणार. त्यांनी चष्मा पुन्हा लावला, दोन्ही पांढरे. पुन्हा काढला. असं तीन-चारदा झालं. बावीस वर्षं ज्यांच्या एका शब्दावर बंड्या वळत होत्या ते डोमाजी मांडीवरच्या दोन ओंजळींत फरक शोधत होते, आणि अख्खं आवार ते पाहत होतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

ते माझ्याकडे वळले. "बाबूजी, तुम्हाले काय दिसते? हा?"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "पेज."

"अन् हा?"

"दूध."

त्यांनी मान डोलावली. मग माझ्या मांडीवरच्या चिठ्ठ्यांच्या पुस्तकाकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "केव्हापासून दिसून राहिलं तुम्हाले?"

मी चिठ्ठ्यांचं पुस्तक मिटलं. त्यांना उत्तर मिळालं.

सगुणाबाई ओट्याच्या कडेला टेकल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. डोमाजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तू काहून रडते वं? तूच तर एकली खरं बोलली." मग त्यांनी सोग्याच्या तिन्ही गाठी सोडल्या, बोळे ओट्यावर ठेवले आणि खाली उतरले. शेठजींच्या खोलीत ते स्वतः गेले. काय बोलले ते मी दारातून ऐकलं. "शेठजी, दुधाचा सारा ढीग नासवला मी. दुसरा माणूस पाहा." शेठजी भला माणूस होता. तो म्हणाला, तुम्ही कचेरीत बसा, हातानं धागा पाहा, ओल पाहा, डोळ्याचं काम दुसरा करेल. डोमाजींनी हात जोडले आणि नाही म्हटलं.

तो ढीग पुन्हा निवडायला बाया बसवल्या. चार दिवस त्या कवडी वेचत होत्या. ते चारही दिवस डोमाजी सकाळी यायचे आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली उभे राहायचे. आत येत नसत, कुणी बसायला दिलं तर बसत नसत. वेचलेल्या कवडीच्या टोपल्या बाहेर जायच्या तेव्हा प्रत्येक टोपलीत हात घालून पाहायचे. पाचव्या दिवशी आले नाहीत. नवा पारखी मुंबईचे आकडे बोलायचा. मी आकडे लिहू लागलो.

मी त्यांच्या घरी जायचं टाळत होतो. शेवटी होळीच्या सुमारास गेलो. मला वाटलं होतं, चष्मा फेकून दिला असेल. तो त्यांच्या नाकावर होता. अंगणात बसले होते. माझा चेहरा पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, स्वतःच म्हणाले, "चष्म्याचा काय गुन्हा जी? त्यानं मले जे पाहिजे होतं ते दिलं. उन्हासाठी चांगला आहे." मी क्षमा मागायचे शब्द वाटेत जुळवत आलो होतो. ते चहाबरोबर गिळले आणि परत आलो.

पुढच्या दिवाळीत सगुणाबाईंचा निरोप आला, सीतादह्याला या, भाऊही येणार आहेत. मी गेलो. तीच शेवटची भेट.

मोतीबिंदू आता पिकत आला होता. माणसं त्यांना सावल्यांसारखी दिसत. सगुणाबाईंनी महिनाभर मागे लागून ऑपरेशनला कबूल करून घेतलं होतं. थंडी सरली की जायचं असं ठरलं होतं आणि डोमाजी त्याबद्दल पोरासारखे विचारत होते, पट्टी किती दिवस ठेवतात, दुखते का. पण माघातच चार दिवसांच्या तापानं ते गेले.

त्या सकाळी मात्र ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, घोंगडीवर बसले होते, पांढरं धोतर, पांढरी टोपी, डोळ्यांवर निळा चष्मा. बायांनी पराटीला हळदकुंकू वाहिलं, दहीभात शिंपडला. मग सगुणाबाई पहिलं बोंड घेऊन आल्या. सगळ्या बाया थांबल्या. मला वाटलं, आता हे कशाला, या माणसाचे असे हाल कशाला करता. पण डोमाजींनी आधी चष्मा काढला, काचा पुसल्या, पिशवीत ठेवला आणि पिशवीची नाडी बांधली. मग हात पुढे केला.

"आधी पेज आण वं," ते म्हणाले.

सगुणाबाईंनी खालच्या फांदीवरचं मातीला लागलेलं एक किडकं बोंड आणून दिलं. त्यांनी ते चाचपलं, बाजूला ठेवलं. मग पहिलं बोंड घेतलं, चिमटीत धागा ओढला, गालाला लावलं आणि उत्तर कुठे आहे ते उन्हाच्या अंदाजानं ताडून तिकडे धरलं. धरून राहिले. शेवटी म्हणाले, "बाबूजी आले आहेत ना? बाबूजी, काय आहे जी हा?"

तो दूध होता. इतका पांढरा कापूस मी त्यानंतर पाहिला नाही.

"दूध," मी म्हणालो.

त्यांनी हात खाली केला नाही. मग माझ्याकडची मान त्यांनी हळूच दुसरीकडे वळवली.

"सगुणा, काय आहे वं?"

"दूध आहे, भाऊ."

तेव्हा कुठे त्यांचा हात खाली आला. तोंडावर समाधान पसरलं आणि सवयीनं, जिनाच्या ओट्यावर बसल्यासारखे ते म्हणाले, "लिहा बाबूजी."

माझ्याजवळ ना कागद होता, ना दौत. लिहिलं म्हणावं असं एकदा मनात आलं. पण मी म्हणालो, "कागद नाही आणला, डोमाजी."

ते हसले. पिशवीची नाडी सोडून चष्मा काढला, दोन्ही तारा कानांमागे नीट अडकवल्या आणि वेचायला वाकलेल्या बायांच्या आवाजाकडे तोंड करत म्हणाले, "आता खरं बोलाले लागले जी तुम्ही."